लेकराच्या मापाचा बाक



खंडेनवमीला आपण घरातली अवजारे पुसून त्यांना हळद-कुंकू लावतो. बंगळुरू-चेन्नईला स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनी तीच आयुधपूजा म्हणून पाहिली असेल, आणि कोलकात्याकडील परिजनांनी १७ सप्टेंबरच्या सुमारास कारखान्यांतून मांडलेली विश्वकर्म्याची मूर्ती. करवतीला फूल वाहणारा आपला देश आहे. आणि याच देशात, याच घरांत, अभ्यास टाळणाऱ्या मुलाला ऐकवले जाते, "शिकला नाहीस तर रंधा मारत बसशील!" एक दिवस रंध्याची पूजा आणि उरलेले वर्षभर त्याचीच धमकी. लहान मूल या दोहोंतले काय उचलते, ते आपले आपणच तपासावे.

म्हणून आज एक साधी साधना सुचवायची आहे. घरातल्या सहा-सात वर्षांच्या लेकरासाठी, मग तो मुलगा असो की मुलगी, सुतारकामाचा एक छोटा बाक आपल्या हातांनी तयार करावा. तयार विकत आणू नये. शोभेचा वा खेळण्यातला नको. ज्यावर खरोखर करवत चालेल, खिळा ठोकला जाईल असा हवा.

यात अध्यात्म कुठे आले, असे कुणी विचारील. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी स्वकर्म हीच पूजा सांगितली आहे. आपल्या संतांनीही मडकी घडवताना, मळा शिंपताना, दळण दळताना त्याला पाहिले. हातातले काम बाजूला ठेवून नव्हे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तेव्हा गांधीजींनी हस्तोद्योग हाच शिक्षणाचा गाभा असावा असे मांडले, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याची योजना आखली. पुढे बहुतेक शाळांत त्यातला एक कार्यानुभवाचा तास तेवढा उरला, आणि परीक्षा जवळ आली की तोही गणिताच्या वाट्याला जातो! शाळेला दोष देऊन काय होणार? घराचा एक कोपरा तर आपल्या हातात आहे.

सुरुवात मापापासून करावी. नरहरी सोनारांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. सावकाराने आणून दिलेल्या मापाने त्यांनी विठ्ठलाचा करगोटा घडवला. तो कधी तोकडा पडे, कधी सैल होई. ते कट्टर शिवभक्त, म्हणून डोळे बांधून माप घ्यायला गेले. हाताला शंकर लागे, डोळे उघडले की समोर विठ्ठल. कारागिरीत उणे काहीच नव्हते, समोर जे उभे होते त्याच्याकडे पाहण्याची तयारी नव्हती. आपल्या मुलांची मापेही आपण पुष्कळदा अशीच दुसऱ्याकडून आणतो. शेजाऱ्याच्या मुलाचे गुण, नातेवाइकांच्या अपेक्षा, स्वतःची राहून गेलेली हौस. बाकाच्या निमित्ताने लेकराला अनवाणी उभे करा, हात सैल सोडायला सांगा आणि जमिनीपासून मनगटापर्यंतची उंची मोजा. साधारण एकवीस-बावीस इंच भरेल. तेवढाच उंच बाक. "पुढे मोठा होईल" म्हणून आज उंच करू नका. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढते. तेव्हा पायांखाली लाकडी ठोकळे बसवता येतात. आज त्याला आजचाच बाक हवा आहे.

लाकूड जुन्या चौकटीचे सागवान मिळाले तर उत्तम. आतले खिळे मात्र काढून घ्यावे. ते मुरलेले, सुकलेले असते. ओल्या लाकडाचा बाक आज घट्ट वाटतो आणि उन्हाळ्यात सांध्यांतून डुगडुगू लागतो. वरची फळी दीड-दोन इंच जाड असावी आणि एकूण बाक वजनदार, नाहीतर करवत चालवताना तोच सरकू लागेल. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून वरची फळी खालच्या चौकटीला जखडून टाकू नये, स्क्रूची भोके आडवी थोडी लांबट ठेवावीत. घट्ट धरायचे, पण हलायला जागा ठेवून. आई-वडिलांना याहून अधिक सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. हे सारे आपल्यापैकी बहुतेकांना येत नाही. म्हणून आपल्या भागातल्या एखाद्या जाणत्या मिस्त्रींकडे जावे आणि लेकराला सोबत न्यावे. त्यांना नमस्कार करून म्हणावे, "मिस्त्री, मला कुसू आणि खाच करायला शिकवा." पैसे टाकून बाक करून घेणे सोपे आहे, तो मोह टाळावा. त्यांच्या शेजारी जमिनीवर बसावे. ते "असे नाही साहेब, पटाशी अशी धरा" म्हणतील, तेव्हा ऐकावे. ज्या माणसाच्या नावाने घरात धमकी दिली जात होती, त्याच्यापुढे आपले बाबा किंवा आपली आई शिष्य होऊन बसलेली आहे, हे दृश्य मुलाच्या मनातून सहसा जाणार नाही. हे करणे जड जाते. ऑफिसात दहा जण ज्याला 'सर' म्हणतात, त्याला तर फारच. अहंकार नेमका कुठे दडून बसला आहे, ते इतक्या स्वच्छपणे जपमाळेलाही नेहमी दाखवता येत नाही, असे मला वाटते.

बाक तयार झाला की त्यावर एक छोटा शेगडा बसवावा. लाकूड त्यात आवळले की मुलाचे हात करवतीच्या वाटेबाहेर राहतात. हलकी हातोडी, लहान करवत, गिरमिट एवढे आधी पुरे. पटाशी दोन-तीन वर्षांनी. कोणीतरी मोठे माणूस जवळ असल्याशिवाय अवजार हाती द्यायचे नाही, हा नियम कधीही मोडू नये.

आणि मग पहिल्याच आठवड्यात आपण इतक्या प्रेमाने गुळगुळीत केलेल्या फळीवर करवतीचा ओरखडा पडेल. तुमच्या तोंडून शब्द निघेल तो तिथेच थांबवा. बाक दिला, म्हणजे दिला. वाकडा गेलेला खिळा तुम्ही सरळ करून देऊ नका, त्याच्या हातून हातोडी घेऊ नका. शेजारी स्टूल घेऊन बसा. विचारले तर सांगा. पहिल्या दिवशी दीड इंची खिळे पाव किलो आणि मऊ लाकडाचे चार-सहा तुकडे पुरतील.