सावलीचे नाव

कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्यांकडे प्रौढ वाचक बहुधा दोन दृष्टींनी पाहतो. वेळ घालविण्याचे निरुपद्रवी साधन म्हणून तो त्यांस क्षमा करतो, किंवा मुलांची मने वस्तुस्थितीपासून दूर नेतात म्हणून दोष देतो. अर्सुला ले ग्विन ह्या अमेरिकन लेखिकेची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही १९६८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आम्ही अलीकडे आंबेगाव तालुक्यातील शिनोली येथे मुक्कामास असताना वाचली. आणि ह्या दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत असे आमचे मत झाले. आपल्या हातून जे अनिष्ट जगात आले, त्याच्याशी मनुष्याने कसे वागावे, हा ह्या पुस्तकाचा खरा विषय आहे, आणि तो पोरवयाचा खास नाही.

कथानायक गेड हा एका डोंगराळ बेटावरील कारागिराचा मुलगा. शेळ्या राखीत वाढलेला. त्या जगातील मंत्रविद्येचे मर्म नावांत आहे. वस्तूचे खरे नाव ज्यास ठाऊक, त्याची तीवर सत्ता चालते. परंतु कोणतीही सत्ता चालविली की सृष्टीचा तोल कोठेतरी ढळतो, हेही तेथील गुरुजन शिकवितात. गेड बुद्धिमान आहे आणि गर्विष्ठही आहे. सहाध्यायाशी लागलेल्या ईर्षेत तो एका मृत स्त्रीच्या आत्म्यास पाचारण करतो, आणि उघडलेल्या फटीतून एक निनावी सावली जगात शिरते. ती फट बुजविताना विद्यालयाच्या वृद्ध कुलगुरूंचा प्राण जातो. पुढे गेड बेटामागून बेट पालथे घालीत पळतो. पण जितका तो पळतो, तितके तिचे बळ वाढते. अखेर त्याचे पहिले गुरू ओगियन त्यास माघारी वळून तिचाच पाठलाग करण्यास सांगतात. पृथ्वीच्या टोकाशी दोघांची गाठ पडते. तो तिला नावाने हाक मारतो, तीही त्याच क्षणी त्याला नावाने हाक मारते. आणि ती दोन्ही नावे एकच असतात. तो जिंकत नाही, हरतही नाही. तो केवळ संपूर्ण होतो.

हा शेवट वाचून आम्ही बराच वेळ विचारात पडलो. आपल्याकडे अंतरातील दोषांस षड्रिपु म्हणण्याची चाल आहे. रिपु म्हटला की तो जिंकावयाचा, निर्दाळावयाचा. ले ग्विनबाईंचा ओढा लाओ त्झूच्या विचाराकडे होता. त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी रूपही त्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केले. त्यांच्या मते शत्रू म्हणून लोटलेला दोष शत्रूच राहतो. ‘हा माझा’ असे म्हटल्यावाचून त्याचे बळ सरत नाही. येथे कोणी विचारील की, दोष आपला म्हटला म्हणजे तो माफ झाला काय? मुळीच नाही. कुलगुरू परत येत नाहीत, गेडच्या तोंडावरील व्रणही जात नाही. कबुलीने झालेले नाहीसे होत नाही. पुढे होणारे मात्र थांबू शकते.

हे पुस्तक शिनोलीत वाचल्यामुळे त्याचा एक वेगळाच अर्थ आम्हांस भेटला. येथून वरच्या अंगास घोड नदीवर डिंभे धरण आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी ते एक. ह्या प्रकल्पाचे पाणी पुणे, अहिल्यानगर व सोलापूर ह्या जिल्ह्यांत पोचते. त्या पाण्याने ऊस उभा राहिला, घरे बांधली गेली, मुले शिकली. ह्या विद्येस कोणी तुच्छ लेखू नये. परंतु ज्या आंबेगावाच्या नावाने हा तालुका ओळखला जातो, ते गाव त्याच जलाशयाखाली गेले. महादेव कोळी व ठाकर कुटुंबांची भातखाचरे गेली. तालुक्याची कचेरी घोडेगावास आहे. नाव मात्र प्रत्येक दाखल्यावर बुडालेल्या गावाचेच पडते. लिहिणाऱ्यास ते केवळ पत्ता वाटतो.

उसाबरोबर बिबट्याही शिवारात वस्तीस आला. २००१ साली जुन्नर वनविभागात बिबटे पकडून दूर रानांत सोडण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, त्यापूर्वी माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ होती, ती नंतर १७ झाली. संकट नजरेआड केले म्हणजे मिटले, ही समजूत गेडला जशी फळली नाही, तशी येथेही फळली नाही.

आणि येथेच ह्या सुंदर कादंबरीची मर्यादाही आम्हांस जाणवली. गेडची सावली प्रथम कुलगुरूंचा बळी घेते हे खरे. पण त्यानंतर ती मुख्यत्वे गेडच्याच मागे लागते. ज्याची करणी, त्याचीच झोप उडते. त्या जगात न्यायाची एवढी तरी सोय आहे. आपल्या जगात दिवा एकाच्या माजघरात जळतो आणि सावली दुसऱ्याच्या अंगणात पडते. धरणाची रेघ नकाशावर ओढणाऱ्यास आपले खाचर सोडावे लागले नाही. साखर चहात घालणाऱ्यास पहाटे उसाच्या कडेने चालावे लागत नाही. सावली पाठीस लागत नाही, म्हणून ती आपली नव्हे असे मानणे सुशिक्षितास फार सोपे जाते.

म्हणून प्रौढ वाचकाचे काम गेडहून कठीण आहे. त्यास भयाने वळावे लागत नाही. त्याने विवेकाने वळावयाचे आहे. जी सावली त्याला कधी शोधीत येणार नाही, तिला त्याने आपण होऊन शोधावयाचे, आणि तिचे नाव उच्चारताना त्यात आपलेही नाव ऐकावयाचे. विस्थापिताचा प्रश्न हा त्याच्यावरील उपकाराचा नसून आपल्या देण्याचा आहे, एवढे जरी त्यामुळे उमगले तरी पुष्कळ झाले. मुलांनी असली पुस्तके अवश्य वाचावीत. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी ती वाचून बाजूस ठेवण्यापूर्वी, आपल्या सुखाचा दिवा कोणाच्या अंगणात काळोख करतो, एवढे एकदा बाहेर जाऊन पाहावे.