संयमाचा हिशेब

कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यातील चैत्यगृहापाशी, भग्न यक्षमूर्तीच्या मस्तकालगत, कान्ह याचा शिष्य बलक याने हे काम केल्याचा ब्राह्मी लेख आहे; आणि लाकडी कमानींची हुबेहूब नक्कल दगडात उठविलेल्या त्या लेण्यात राहणारे भिक्षू गृहस्थांच्या दानावरच जगत असल्यामुळे, संयमी कोणास म्हणावे, जो थोडे घेतो त्यास की ज्याच्या घेण्याने दात्यास तोशीस लागत नाही त्यास, हा प्रश्न तेथे सहजच मनात येतो. धम्मपदाने तो भ्रमराच्या दृष्टांताने निकालात काढला आहे : फुलाचा वर्ण व गंध न बिघडविता रस न्यावा.

हाच प्रश्न यंत्रांनाही विचारता येतो. याच डोंगररांगेतून कर्जत ते लोणावळा सदतिसास एक अशा चढणीने रेल्वे जाते, आणि 1930 पूर्वीच तिच्यावर 1,500 व्होल्टच्या एकदिश विजेचा अंमल सुरू झाला होता. उलटसुलट वाहणाऱ्या विजेस एका दिशेस लावणारे यंत्र ते रेक्टिफायर. त्यातील साधा डायोड अत्यंत काटकसरी खरा, पण एकमार्गी. उतरत्या गाडीच्या मोटारींनी उत्पन्न केलेली वीज जवळपासच्या चढत्या गाडीने घेतली नाही, तर तिला उपकेंद्राची दारे बंदच. थायरिस्टर आला तेव्हा नियंत्रण हाती आले, कारण तो हवा तितका उशिराने उघडता येतो; मात्र प्रवाह शून्यावर आल्यावाचून तो मिटत नाही, आणि उघडण्यातील विलंबाने प्रवाह विद्युतदाबामागे रेंगाळतो, त्याचा आकार विद्रूप होतो, व उपयोगी न पडणाऱ्या प्रवाहाचा भार मूळ वीजजाळ्यावर पडतो. एकादशीच्या फराळासाठी घरच्या बायकांना दुप्पट राबविणारे उपवासकर्ते आपण पाहतोच. त्यांचा निग्रह याच जातीचा.

यंत्रास इच्छा नाही, तेव्हा त्यास पुण्यही नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो मला मान्य आहे. परंतु ज्याच्या कोठारातून धान्य जाते त्याला घेणाऱ्याच्या अंतःकरणशुद्धीने काय दिलासा मिळणार? निग्रहाचा जमाखर्च दात्याच्या वहीत पाहावा, असे माझे मत आहे.

नव्या रेक्टिफायरातील ट्रान्झिस्टर सेकंदास शेकडो, कधी हजारो वेळा उघडमीट करून प्रवाहास दाबाच्याच लयीत व आकारात ठेवतात, आणि उतारावर तीच वीज जाळ्यास परतही करतात. अर्थात प्रत्येक उघडमिटीत थोडी उष्णता वाया जाते; वारंवारिता वाढवावी तसा आकार सुबक होतो, पण तोटाही वाढतो, म्हणून अभियंत्यास मध्येच कोठे तरी थांबावे लागते. बुद्धाच्या मध्यममार्गाचीही अशी मोजणी कोणी केली असती, तर पुष्कळ वाद वाचले असते.

आता घाटात 25,000 व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आहे, आणि तेथील आधुनिक इंजिनांच्या पोटात असेच दुतर्फा रेक्टिफायर असतात. परत मिळते ती वीज घेतलेल्या विजेपेक्षा नेहमी कमीच भरते. कर्जतला घाट चढणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून रेटणारी इंजिने अजूनही जोडावी लागतात.