पावणेदोन वर्षांची पूर्वसूचना

धूमकेतू अवचित उगवतो, ही समजूत आता जुनी झाली. त्सुचिनशान-अ‍ॅटलास हा धूमकेतू 9 जानेवारी 2023 रोजी चीनमधल्या पर्पल माउंटन वेधशाळेच्या छायाचित्रांत सापडला. पुढे कुणाला त्याचा माग लागला नाही, म्हणून तो पुष्टीसाठीच्या यादीतून वगळलाही गेला. 22 फेब्रुवारीला दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीने त्याला पुन्हा गाठलं, तेव्हाही तो गुरूच्या कक्षेपलीकडे होता. आपल्याकडे तो ठळक दिसणार होता ऑक्टोबर 2024 मध्ये. तयारीसाठी मुंबईच्या हातात पावणेदोन वर्षं होती.

तो जगेल की नाही, हे मात्र सांगता येत नव्हतं. सौरमालेच्या कडेच्या ऊर्ट मेघातून येणारा असा बर्फाळ गोळा सूर्याची धग सोसेल की फुटेल, हे त्याच्या आतल्या घडणीवर ठरतं आणि ती घडण दुरून कळत नाही. सप्टेंबर 2012 मध्ये सापडलेल्या आयसॉनचा ‘शतकातला धूमकेतू’ म्हणून गाजावाजा झाला. 28 नोव्हेंबर 2013 रोजी सूर्यपृष्ठापासून जेमतेम 12 लाख किलोमीटरवरून जाताना त्याच्या चिंधड्या उडाल्या. त्सुचिनशान-अ‍ॅटलासही विरून जाणार, असं झ्डेनेक सेकानिना यांच्यासारख्या जाणत्या संशोधकाने जुलै 2024 मध्ये लिहिलं होतं. तो 27 सप्टेंबरला सूर्याला वळसा घालून धडधाकट बाहेर पडला. सेकानिनांचं भाकीत चुकलं, पण तपासता येईल असं विधान त्यांनी आधी लिहून ठेवलं, याचं मोल मला मोठं वाटतं.

12 ऑक्टोबरला, ऐन दसऱ्याला, तो पृथ्वीपासून सुमारे 7 कोटी किलोमीटरवर होता. नंतरच्या संध्याकाळी तो पश्चिमेला, शुक्र आणि स्वाती यांच्या मधल्या पट्ट्यात, दिवसागणिक वर चढत गेला आणि मंदही होत गेला. लगेच 16 तारखेला कोजागरी. म्हणजे काळोखाच्या संध्याकाळी मोजक्याच. मुलुंडकरांच्या पश्चिमेला डोंगर. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान संध्याकाळी बंद होतं. घाटकोपर, अंधेरीत क्षितिज इमारतींनी गिळलेलं. उरला वर्सोव्या-जुहूचा किनारा, तर तिथे वाळूवर उजेड ओतणारे दिवे. वर्सोव्याला शुक्र नुसत्या डोळ्यांनी ठसठशीत दिसत होता. धूमकेतू मात्र दुर्बीण लावल्यावरच सापडला: एक दाट ठिपका आणि त्यातून वर निघालेला फिकट फराटा. शेजारच्या बाईंनी दुर्बीण घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही. काळोख्या गावाकडे हीच शेपटी दुर्बिणीविना दिसत होती.

1949 साली हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या वेणू बाप्पूंना छायाचित्राच्या काचेवर धूमकेतू आढळला. बाप्पू-बोक-न्यूकर्क या नावात तो माणूस कायमचा राहिला. असे शोध आता यंत्रांकडे गेले याचं मला दुःख नाही. उपनगरांतल्या उजेडाने खगोलशास्त्राचंही काही अडलं नाही. तोटा झाला तो इथे राहणाऱ्यांचा. सायनच्या खगोल मंडळाचे कार्यकर्ते आकाशदर्शनासाठी वर्षानुवर्षं मुंबईबाहेर वांगणीला जातात. ज्यांना रात्रभर घर सोडता येत नाही, त्यांनी काय करायचं? काळोखावर नागरिकांचा हक्क मैदानाइतकाच आहे, आणि तो महापालिकेकडे मागायला हवा.

मागणी अवघडही नाही. पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. त्यांतला निळसर प्रकाश हवेत जास्त विखुरतो. दिव्यांना वरून झाकण, प्रकाश फक्त जमिनीकडे, छटा उबदार, एवढ्याने पुष्कळ साधेल. झाडांवर गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळांचा प्रश्न 2024 मध्ये उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला; आकाशाच्या वतीने तसं कुणी गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

चिलीतल्या रुबिन वेधशाळेने जून 2025 मध्ये पहिली छायाचित्रं जाहीर केली. तिच्या दहा वर्षांच्या सर्वेक्षणात असे पाहुणे आणखी लांबूनच कळतील. तेव्हा सोसायट्यांनी इमारतींच्या दर्शनी भागावरचे दिवे आणि पालिकेने चौपाट्यांवरचे दिवे कोणत्या संध्याकाळी तासभर बंद ठेवायचे, हे वर्षभर आधी ठरवता येईल.