शेवटचा तोडा आणि दारातला मांडव

लग्न दारात करायचं की कार्यालयात, हा प्रश्न मोहोळ तालुक्यातल्या बहुतेक घरांत आता निघतच नाही. सोयरीक जमली की आधी कार्यालयाची मोकळी तारीख बघायची आणि मग त्या तारखेला मुहूर्त काढायला सांगायचा. पैसे भरले की जेवण, सजावट, फेटे, फोटो सगळं त्यांच्याकडे. घरच्यांनी नटून जायचं, अक्षता टाकायच्या, जेवून परत यायचं. यात सुख आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण लग्नातलं काम परक्यांच्या हाती गेलं आणि भावकीला एकत्र यायचं कारणच संपलं, असं मी ठामपणे म्हणेन. बोलावणं सगळ्यांना जातं, नड मात्र कुणाचीच पडत नाही.

या मे महिन्यात पुतणीचं लग्न आम्ही सीनेकाठच्या वस्तीवर, दारात केलं. पैशाचा विचार त्यामागे होताच. पण त्या लग्नाला रंग आणला तो शेवटच्या तोड्याच्या टोमॅटोंनी.

उन्हाळी टोमॅटो हे आमच्या भागात हट्टानं घ्यायचं पीक. जानेवारीच्या शेवटी लावण, मग तार-काठी, ठिबक, आणि ऊन तापायच्या आत जी फळं धरतील ती आपली. पारा ३५ अंशांच्या वर राहू लागला की फुलगळ सुरू होते, आणि सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात तो चाळिशी सहज ओलांडतो. अखेरीला झाडावर उरतात ती बारकी, कमी पाण्यावर तगलेली, देठाजवळ हिरवट खांदा असलेली फळं. त्यात वळीव झाला की कोरड्या जमिनीला एकदम पाणी मिळतं, फळ आतून फुगतं आणि साल तडकते. तडकलेला माल अडतीवर कुणी घेत नाही. भावाचं म्हणाल तर २०२३च्या मे महिन्यात राज्यात शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले होते, आणि त्याच वर्षी जुलैत शहरांत किलोला शंभराच्या वर पैसे पडत होते. पिकवणाऱ्याच्या हाती यातलं काय लागलं, हे ज्याचं त्याला ठाऊक.

हळदीच्या आदल्या रात्री वळीव झाला. सकाळी रानात बघितलं तर निम्मी फळं तडकलेली. कॅरेट भरावेत की झाडावरच सोडावं, यावर भावाभावांत बोलणं चाललं होतं. थोरल्या वहिनी बांधावर आल्या आणि म्हणाल्या, "सगळं घरी आणा. तडकलेलं आजच शिजवलं तर वाया जायचं नाही." दुपारपर्यंत सगळी वस्ती तोड्याला लागली. मुंबईहून आलेली भाचरं, व्याह्यांकडची पुढे आलेली दोन पोरं, कुणीच सुटलं नाही.

अंगणात चर खणून त्यावर मोठी कढई चढवली. तेलात जिरं, सालासकट ठेचलेला लसूण, हिरव्या मिरच्या, आणि मग फोडी. पाण्याचा एक थेंब नाही. तासभर कुणी ना कुणी उलथनं फिरवत होतं. रस आधी सैल झाला, मग दाट, मग कडेनं तेल सुटलं. तेव्हा शेंगदाण्याचं कूट आणि किंचित गूळ. आमच्याकडे पंगतीतल्या आमटीचं आंबट चिंचेचं, टोमॅटोला तिथे फारसा मान नव्हता. यंदा आमटीतही टोमॅटोच पडला आणि जुन्या माणसांनी वाटी पुढे केली. सोबत कडक भाकरी. ती चार दिवस आधी करून ठेवता येते, म्हणून गावातल्या घराघरांत पीठ वाटून दिलं होतं. ज्वारी मालदांडी. त्या वाणाची ३५-१ ही निवड १९३०च्या दशकात मोहोळच्याच संशोधन केंद्रावर झाली.

बाजारातल्या टोमॅटोला ही चव का नसते, याचं एक कारण २०१२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. फळ सगळीकडून सारखं रंगावं म्हणून संकरकांनी कित्येक दशकं हिरव्या खांद्याची झाडं बाजूला काढली. पण त्या हिरव्या भागात फळ स्वतः साखर तयार करतं. तो गेला तशी गोडी घटली. भरीला, लांबच्या बाजारासाठी माल रंग फुटतानाच तोडला जातो. दिसणं आणि प्रवासात टिकणं यांसाठी चव सोडून दिली, आणि ती सोडली आहे हे बऱ्याच वर्षांत कुणाच्या लक्षातही आलं नाही. कार्यालयातल्या लग्नाचं मला याहून वेगळं वाटत नाही. स्टेज सारखं, जेवणाची यादी सारखी, माइकवरून पाहुण्यांचे सत्कारही सारखेच. नेत्याची गाडी यायची म्हणून मुहूर्त टळतो आणि नवरीच्या आत्याला बसायला खुर्ची नसते. २०२५च्या मे महिन्यात पुण्याकडे एका तरुण सुनेच्या मृत्यूनंतर हुंड्याचा प्रश्न पेटला, तेव्हा मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नाची आचारसंहिता पुढे आली: माणसं कमी, डीजे नाही, लग्न वेळेवर. ती चांगलीच आहे. पण आकडा कमी केल्यानं लग्न आपलं होत नाही. शंभर माणसं असोत की पाचशे, त्यांतल्या किती जणांनी काही उचललं, चिरलं, वाढलं, हे मी बघेन.

जुन्या दारातल्या लग्नाची आरती मात्र मला ओवाळायची नाही. त्या पंगतीत जात बघून पान मांडलं जायचं. काहींना मांडवाबाहेर, सगळ्यांचं झाल्यावर वाढलं जायचं, हे सांगणारी माणसं अजून गावात आहेत. पैसे मोजून घेतलेल्या कार्यालयात निदान खुर्ची सगळ्यांना सारखी मिळते. म्हणून दारातल्या लग्नाचा वारसा सांगायचा तर मी सत्यशोधकांचा सांगेन. समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ची, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुरोहिताशिवाय पहिलं लग्न लागलं. जोतीरावांच्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्कांचं बोलते आणि वराला ते मान्य करावे लागतात. थोडक्या खर्चाचं लग्न त्यांनी मांडलं ते माणसाच्या मोलाचा विचार करून.

बायकांच्या कष्टांचा प्रश्नही इथेच येतो. घरचं लग्न म्हणजे बायकांनी चार रात्री जागायचं आणि पुरुषांनी मांडवाच्या दोऱ्या ओढून मिरवायचं, असं असेल तर कार्यालयच बरं. या वेळी आमच्याकडे तोडा, चिरणं आणि वाढप पुरुषांनी केलं, भांडीही बरीचशी घासली. पण भाकरी सगळ्या बायकांच्याच हातच्या होत्या. पुतणीच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या तेव्हा थोरल्या वहिनी चुलीपाशी होत्या. ज्या पोरीला त्यांनी अंगाखांद्यावर वाढवलं, तिला हार घालताना त्यांनी पाहिलंच नाही.

धाकट्या पुतण्याचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात, याच अंगणात आहे. भाकरी थापायला त्याला आणि त्याच्या मित्रांना दिवाळीपासूनच बसवायचं ठरलं आहे. पहिल्या वाकड्या होतील, गुरं खातील. वहिनींनी सांगून ठेवलं आहे, "अक्षतांच्या वेळी चुलीपाशी एकही बाई राहणार नाही. करपलं तर करपलं."