उसना श्वास

पुण्या-मुंबईतल्या काही घरांत हल्ली ट्रेकिंगच्या सॅकशेजारी डायव्हिंगची बॅगही दिसू लागली आहे. कोर्स केलेला असतो, हौस वाढलेली असते आणि मग हळूहळू स्वतःचं सामान जमतं. अशा घरात एक प्रसंग हमखास येतो. मावसभाऊ किंवा ऑफिसातला मित्र अंदमानला निघालेला असतो आणि सहज विचारतो, "तुझा सेट आठवडाभर देतोस का? नाहीतरी पडूनच आहे." तंबू मागितला असता तर कुणी दोनदा विचार केला नसता. इथे मात्र जीभ अडखळते. नाही म्हणावं तर अप्पलपोटेपणा वाटतो, हो म्हणावं तर रात्री झोप लागत नाही.

वरवर शिष्टाचाराचा वाटणारा हा प्रश्न नीतिशास्त्रात फार जुना आहे. पण त्याकडे वळण्याआधी मागितलेली वस्तू नीट पाहायला हवी.

भरलेल्या सिलिंडरमध्ये हवेचा दाब साधारण २०० बार असतो. रेग्युलेटरची फर्स्ट स्टेज तो उतरवून भोवतालच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बार जास्त, एवढ्यावर आणते. तोंडात धरलेली सेकंड स्टेज उरलेलं काम करते आणि माणूस ज्या खोलीवर असेल तिथल्या दाबाची हवा त्याला देते. १० मीटरवर हा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, ३० मीटरवर चौपट. बीसीडीत, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या फुगत्या जॅकेटात, हवा भरणाऱ्या बटणात मिठाचा खडा अडकला, बटण दाबलेलंच राहिलं, तर बीसीडी फुगत जाते आणि माणूस वर फेकला जातो. अशा वेळी घाबरून श्वास रोखला तर फुप्फुसातली हवा प्रसरण पावून फुप्फुस फाटू शकतं. तो खडा घरच्या कपाटात ठेवलेल्या बीसीडीत दिसत नाही. परत आलेल्या सामानातला दोषही असाच लपून राहतो. उसनं नेणाऱ्याने प्रामाणिकपणे सगळं गोड्या पाण्यात बुचकळलं, पण फर्स्ट स्टेजची टोपी घट्ट बसवायला विसरला, तर पाणी आत शिरून गंज धरतो. त्याचा त्रास पुढच्या डाइव्हला मालकाला होतो.

डाइव्ह कॉम्प्युटरचं प्रकरण आणखी नाजूक आहे. तो एका शरीराचा हिशेब ठेवतो: किती खोलीवर किती वेळ गेला, ऊतींमध्ये किती नायट्रोजन साठला, अजून किती वेळ सुरक्षित आहे. सकाळी एकाच्या आणि दुपारी दुसऱ्याच्या मनगटावर तो बांधला, तर दुसऱ्याला पहिल्याच्या शरीराचा हिशेब मिळतो. मालकाने मागच्या सहलीत ३२ टक्के ऑक्सिजनच्या नायट्रॉक्स या मिश्रणासाठी लावलेलं सेटिंग तसंच राहिलं आणि नेणाऱ्याच्या सिलिंडरमध्ये साधी हवा असली, तर कॉम्प्युटर त्याच्या अंगातला नायट्रोजन कमी धरतो आणि प्रत्यक्षात नसलेली सवलत दाखवतो.

मागणाऱ्याला नाही म्हणू नये, ही आपल्याकडची शिकवण खोल रुजलेली आहे. पण याच परंपरेत दानाला अटीही आहेत. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काळ आणि पात्र पाहायला सांगितलं आहे. अस्थानी आणि अपात्री दिलेलं दान तिथे तामस ठरतं. डायव्हिंगच्या बाबतीत पात्रता म्हणजे माणसाचा भलेपणा नव्हे. मावसभाऊ सज्जन असेल, वस्तू जपणारा असेल, पण त्याने दोन वर्षांत पाण्यात पाऊल टाकलेलं नसेल आणि मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढताना आजही गोंधळत असेल, तर या वस्तूपुरता तो तयार नाही.

जैन श्रावकाचाराने हा विचार आणखी पुढे नेला आहे. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरती हे एक व्रत आहे, म्हणजे निष्कारण घडणाऱ्या हिंसेपासून दूर राहणं. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार येतात, आणि त्यांतला एक हिंसादान, म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं. त्या साधनांच्या यादीत तलवारीबरोबर कुदळ आणि विस्तवही आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे. कुदळ शेतकऱ्याच्या रोजच्या वापरातली वस्तू. तरीही ती दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याने विचार करावा, असं हे व्रत सुचवतं. रेग्युलेटर हे हिंसेचं साधन नाही, उलट जीव राखणारं आहे, असा आक्षेप कुणी घेईल आणि तो रास्तच आहे. पण तत्त्व शिल्लक राहतं: साधन हातातून सुटलं म्हणून देणाऱ्याचा वाटा संपत नाही.

कायद्याने हा वाटा मोजण्याचा प्रयत्न केला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १५० व्या कलमानुसार वस्तूत ठाऊक असलेला दोष नेणाऱ्याला सांगणं हे देणाऱ्याचं कर्तव्य आहे. कायद्यातलंच उदाहरण घोड्याचं आहे: खोडकर घोडा, तो खोडकर आहे हे न सांगता उसना दिला, घोडा उधळला आणि स्वार पडून जखमी झाला, तर भरपाई मालकाने द्यायची. वस्तू भाड्याने दिली असेल, तर दोष ठाऊक नव्हता ही सबबही चालत नाही. फुकट देणाऱ्याला कायदा इथे थोडी सवलत देतो. पण दोन वर्षं सर्व्हिसिंग केलं नाही म्हणून दोष कळलाच नाही, असं स्वतःच्या मनाला सांगून कुणाला शांतता मिळेल?

ज्यू परंपरेने हाच प्रश्न नेणाऱ्याच्या बाजूने पाहिला. बायबलच्या निर्गम ग्रंथातल्या बाविसाव्या अध्यायाप्रमाणे उसनं नेलेलं जनावर मेलं किंवा जायबंदी झालं, तर नेणाऱ्याने भरपाई द्यायची. नियम कडक आहे, कारण सगळा फायदा नेणाऱ्याचाच असतो. पण लगेच एक अपवाद येतो: मालक सोबत असेल, तर भरपाई नाही. सोबत म्हणजे नेमकं केव्हा आणि कशा अर्थाने, यावर तालमूदच्या पंडितांनी भरपूर खल केला आहे. त्या खलात न शिरताही, मालक सोबत आहे की नाही याने उसनवारीचा सगळा हिशेब बदलतो, एवढं त्या वचनात स्पष्ट आहे.

पाण्याखालच्या नीतीचं मर्म नेमकं इथेच सापडतं. किनाऱ्यावर रेग्युलेटर द्यायला कचरणारा डायव्हर पाण्याखाली तोच रेग्युलेटर क्षणभरही विचार न करता देतो. जोडीदाराची हवा संपली तर त्याला हवा पुरवता यावी म्हणून प्रत्येक सेटला एक जादा सेकंड स्टेज असते. लांब होजची पद्धत वापरणारे डायव्हर तर स्वतःच्या तोंडातली सेकंड स्टेज काढून समोरच्याला देतात आणि गळ्यात अडकवलेली दुसरी स्वतः घेतात, कारण तोंडातली चालू आहे याची त्यांना पक्की खात्री असते. फ्लोरिडाच्या गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्यांत ही पद्धत रुजली. म्हणजे ज्याला आपण कंजूष म्हणायला निघालो होतो, तो खाली स्वतःचा श्वास वाटून घेतो. फरक एवढाच, की खाली तो हाताच्या अंतरावर असतो.

या खेळाच्या सुरुवातीलाही हेच दिसतं. १९४३ च्या जूनमध्ये झाक कूस्तोने फ्रान्समधल्या बांदोलजवळ अॅक्वालंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचं यंत्र घालून समुद्रात पहिली बुडी मारली. एमिल गान्यां या अभियंत्याबरोबर विकसित केलेलं हे यंत्र नवं होतं, त्यात काय बिघडेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा कूस्तोची पत्नी सिमोन वर पोहत पाण्यातून त्याच्यावर नजर ठेवून होती, आणि मित्र फ्रेदेरिक द्युमा गरज पडताच झेप घ्यायला किनाऱ्यावर तयार होता. मालवणला पहिल्यांदा पाण्याखाली जाणारा पर्यटकही दुसऱ्याचंच सामान अंगावर चढवतो. ते चालतं, कारण गाईड सिलिंडरला धरून पूर्ण वेळ त्याच्यासोबत राहतो.

मग मावसभावाला काय सांगायचं? मास्क, फिन्स, वेटसूट खुशाल द्यावेत. मास्क गळला तर सहलीची मजा जाईल, पण रेग्युलेटर बिघडण्याइतका तो प्रकार गंभीर नाही. रेग्युलेटर आणि बीसीडी द्यायचीच असेल, तर देण्याआधी एक सकाळ त्याच्याबरोबर तरणतलावात काढावी. तिथे रेग्युलेटरमधून श्वास घेताना त्याला दाबमापकाच्या काट्याकडे पाहायला लावावं. प्रत्येक श्वासाबरोबर काटा खाली जाऊन परत येत असेल, तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. अशी खूण तोंडी सांगून लक्षात राहत नाही, एकदा डोळ्यांनी पाहावी लागते. कॉम्प्युटर मात्र देऊ नये. तो तिथल्या डाइव्ह सेंटरवर भाड्याने मिळतो का, हे आधीच फोन करून विचारावं, आणि मिळाला तर सगळ्या डाइव्हना तोच एक वापरायला त्याला बजावावं.

नकाराचीही एक जबाबदारी असते. हे सामान महाग आहे, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी सुरक्षिततेचं कारण पुढे करून कपाटं बंद ठेवली, तर हा समुद्र पैसेवाल्यांचाच राहील. रेग्युलेटर न देणाऱ्याने निदान सोबत पाण्यात उतरायची तयारी ठेवावी, किंवा सर्व्हिसिंग केलेलं सामान कुठे मिळतं ते शोधून द्यावं.

एक अवघड प्रसंग तरीही उरतो. मागणारा मालकापेक्षा कितीतरी अनुभवी असेल आणि त्याला एकट्यानेच जायचं असेल तर? अशा माणसावर देखरेख ठेवायला जाणं हा त्याच्या जाणतेपणाचा अपमान ठरेल. तिथे १५० वं कलम पुरेसं आहे. शेवटचं सर्व्हिसिंग केव्हा झालं, कोणतं बटण कधी अडकलं होतं, बीसीडीची शिवण कुठे उसवली आहे, हे सगळं त्याला सांगावं, शक्य असेल तर लिहून द्यावं. पुढचा निर्णय त्याचा. तो पहिल्या डाइव्हआधी स्वतः सगळं तपासून पाहील, आणि पटलं नाही तर सामान न वापरताच परत आणून देईल. तसं त्याने केलं, तर मालकाने त्यात वाईट वाटून घेऊ नये.