दोन आज्ञांचे बलाबल

दोन वडीलधाऱ्यांनी एकाच वेळी परस्परविरुद्ध आज्ञा केल्या, तर धाकट्याने कोणाची पाळावी? प्रश्न जुनाच आहे. पाठशाळेत त्यावर दिवसभर वाद चालतो आणि निकाल लागला नाही तर उद्या पुन्हा बसता येते. पण हाच प्रश्न ३६,००० फुटांवर वैमानिकापुढे उभा राहिला, म्हणजे त्याला उत्तरास पाचच सेकंद मिळतात. त्या पाच सेकंदांचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. विमानांना वाट दाखविणारा नियंत्रक जमिनीवर रडारपुढे बसलेला असतो. अमुक उंचीवर राहा, आता खाली उतरा, असे तो सांगतो आणि वैमानिक ऐकतात. एरवी वडीलधारा तोच. शिवाय मोठ्या प्रवासी विमानात टक्कर टाळणारे एक यंत्र असते, त्यास टीकॅस म्हणतात. आसपासच्या विमानांना ते सतत पुसत असते, तू किती दूर, किती उंच? धोका दिसला की आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असे बजावते. टकरीस अर्ध्या मिनिटाच्या आसपास अवकाश उरला, की सरळ आज्ञाच करते: ‘क्लाइंब, क्लाइंब’, म्हणजे वर चला; नाही तर ‘डिसेंड, डिसेंड’, म्हणजे खाली उतरा. यातले मर्म असे, की दोन्ही विमानांतली यंत्रे आपसात ठरवून बोलतात. एकास वर म्हटले, तर दुसऱ्यास खाली.

असे यंत्र नसले तर काय होते, ते आपल्या देशाने १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर पाहिले. दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे गेली. आणि यंत्र असूनही काय होते, ते १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगेन गावावर दिसले. रशियाचे तुपोलेव्ह विमान बार्सिलोनाला निघाले होते. त्यात शाळकरी मुले पुष्कळ. दुसरीकडून मालवाहू बोइंग येत होते. झुरिकचा नियंत्रक तुपोलेव्हला म्हणाला, खाली उतरा. काही क्षणांतच यंत्र म्हणाले, वर चला. सहवैमानिकाने ते बोलूनही दाखविले. पण नियंत्रकाने आज्ञा पुन्हा केली, आणि विमान खालीच चालले. तिकडे बोइंगच्या यंत्राने खाली उतरा म्हटले होते आणि ते उतरत होते. दोघेही खाली! ७१ जीव गेले.

आता येथे कोणी पूर्वपक्ष करील की, अहो, यंत्र जड आहे आणि नियंत्रक चेतन. चेतनाने जडाचे दास व्हावे काय? शिवाय यंत्राला गती कळते, हेतू कळत नाही. एखादे विमान वेगाने वर चढत असते, हजार फूट खालीच थांबणार असते. पण ते थांबणार हे यंत्राला कसे कळावे? ते ओरडतेच. मग जाणत्या वैमानिकाने आपला विवेक का वापरू नये?

उत्तर असे. आपला हेतू वैमानिकाला ठाऊक आहे, हे खरे. पण समोरच्याचा? तो दुसऱ्या विमानात आहे, रात्रीच्या अंधारात आहे, आणि त्याच क्षणी आपल्या यंत्राचे ऐकून हालतो आहे. मला मिळालेली आज्ञा एकट्या माझी नव्हे. तिचा दुसरा अर्धा भाग त्याच्याकडे आहे. मी माझा अर्धा मोडला, तर त्याचे पाळणेच त्याला घातक होते. बोइंगच्या दोघा वैमानिकांचे तेच झाले.

तुपोलेव्हचे वैमानिक उद्धट होते, असे मात्र कोणी म्हणू नये. त्यांनी आज्ञाच पाळली! नियंत्रकही एकटा दोन पडदे सांभाळीत होता. दुरुस्तीमुळे टेलिफोन बंद, रडारची सूचनाही अपुरी. पुढे २००४ मध्ये, त्या अपघातात बायको आणि दोन मुले गमावलेल्या एका बापाने त्या नियंत्रकाचा जीव घेतला. शोकाला दोषी म्हणून एकच माणूस हवा असतो. पण चौकशीत दिसले की नियमांतच एकवाक्यता नव्हती; कोठे एक म्हटलेले, कोठे दुसरे. आदल्याच वर्षी, जानेवारी २००१ मध्ये, जपानात असाच प्रसंग येऊन दोन विमाने थोडक्यात वाचली होती. तरी जगाने निर्णय केला नव्हता.

मीमांसकांची थोरवी येथे कळते. श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या, या सहांत विरोध आला तर आधीचे बलवान, असे जैमिनींनी ठरवून ठेवले. कर्म मांडल्यावर वाद नको, म्हणून वाद आधी. तसेच २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने स्पष्ट केले: यंत्र आणि नियंत्रक यांत विरोध आला तर यंत्राचे ऐकावे, त्याच्या उलट कदापि जाऊ नये. वैमानिकाने तसे कळविले की नियंत्रकाने गप्प राहावे. यंत्रालाही मर्यादा आहेच. जमीन जवळ आल्याचा किंवा विमान तोल सोडून पडण्याचा इशारा त्याहून बलवान. आणि ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ म्हणजे संकट टळले असे ऐकू आले, की वडीलकी पुन्हा नियंत्रकाकडे.

तेव्हा वैमानिक पाच सेकंदांत यंत्राचे ऐकतो, तो आपला विवेक टाकून देतो असे आम्हांस वाटत नाही. त्याचा विवेक शिकताना, सराव करताना, नियम समजून घेताना होऊन गेलेला असतो. ऐन वेळी जो नव्याने विचार करू म्हणतो, तो बहुधा भीतीचेच ऐकत असतो किंवा सवयीचे. आपल्या घरीदारीही दोन आज्ञांचा विरोध आज ना उद्या यायचाच. कोणाचे आधी ऐकायचे, हे चार माणसांनी स्वस्थपणी बसून आजच ठरवून ठेवावे.