परीक्षकाने न पाहिलेला पाऊण तास

प्रॅक्टिकलच्या दिवशी वॉर्डातला सगळ्यात तयारीचा माणूस पुष्कळदा खाटेवरच असतो. हृदयाची झडप आकसलेली बाई, पोटात पाणी झालेला गृहस्थ, पानथरी वाढलेला मुलगा अशा ‘चांगल्या फाइंडिंग्ज’ असलेल्या रुग्णांना परीक्षेसाठी मुद्दाम बोलावून घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. दोनतीन परीक्षा पाहिलेला असा रुग्ण समोरच्या पोराची घालमेल ओळखतो आणि हळूच म्हणतो, “डाव्या कुशीवर वळव मला, मग लाव नळी.” डॉक्टरांच्या गप्पांत हे किस्से हसून सांगितले जातात. मला त्यात हसण्यापेक्षा विचार करण्यासारखं जास्त दिसतं. रुग्णालाही कळून चुकलेलं असतं की या परीक्षेत त्याच्या छातीतल्या आवाजाला भाव आहे, त्याच्या सांगण्याला फारसा नाही.

‘लाँग केस’ नावाचा प्रकार कसा चालतो ते डॉक्टर नसलेल्या वाचकाला सांगायला हवं. विद्यार्थ्याला एक रुग्ण नेमून दिला जातो. पाऊण तास, कधी तासभर, तो रुग्णाशी बोलतो, त्याला तपासतो आणि कागदावर मांडतो. मग परीक्षक येतात, विद्यार्थी इंग्रजीत केस ‘प्रेझेंट’ करतो आणि प्रश्नांची फैर सुरू होते. मार्क पडतात ते या शेवटच्या भागाला. त्याआधीच्या पाऊण तासात तो रुग्णाशी कसा बोलला, काय विचारायचं राहिलं, बाईला तपासताना पडदा ओढला की नाही, हे परीक्षकाने बहुधा पाहिलेलंच नसतं. पोहण्याची परीक्षा काठावर बसून तोंडी घ्यावी, तसं हे आहे.

मग तयारीही त्याच वळणाने होते. परीक्षा जवळ आली की होस्टेलवर रात्री उशिरापर्यंत एकमेकांना केस म्हणून दाखवायची, ठरलेली इंग्रजी वाक्यं घोटायची, ‘एक्स्टर्नल’ कोण येणार आणि त्यांचा आवडता प्रश्न कोणता याचा माग काढायचा. यात मुलांचा दोष नाही. जिथे मार्क आहेत तिथेच अभ्यास होणार.

1975 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये काही महिन्यांच्या अंतराने दोन लेख आले. फेब्रुवारीत डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी परीक्षेची नवी रीत मांडली: एका रुग्णावर आणि एका परीक्षकाच्या मर्जीवर सगळं सोडण्याऐवजी विद्यार्थ्याने ओळीने अनेक ठाण्यांवर जायचं, प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या मिनिटांत एक काम करून दाखवायचं आणि परीक्षकाने आधी ठरवलेल्या यादीप्रमाणे गुण द्यायचे. तीच आज जगभर चालणारी ‘ऑस्की’. मे महिन्यात हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागातल्या 80 नव्या रुग्णांचा हिशेब मांडला. त्यातल्या 66 जणांचं अखेरचं निदान पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाचं ऐकूनच झालेलं होतं. शारीरिक तपासणीने 7 जणांचं निदान बदललं, प्रयोगशाळेतल्या तपासण्यांनी आणखी 7 जणांचं. तेव्हा सीटी स्कॅन नुकता आला होता, आज आकडे थोडे हलतील हे खरं. पण जिथे सीटी स्कॅनसाठी रुग्णाला जिल्ह्याच्या गावी पाठवावं लागतं, तिथे ते फार हलणार नाहीत.

आता जालन्याकडे येऊ. 9 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं दूरस्थ पद्धतीने उद्घाटन झालं, त्यात जालना होतं. जागा 100. बदनापूर तालुक्यात वरुडीला खासगी वैद्यकीय महाविद्यालय आधीपासून आहे. शासकीय मात्र हे पहिलंच. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम धरला तर पहिली तुकडी 2029च्या आसपास अंतिम वर्षाच्या खाटेशेजारी उभी राहील. नव्या कॉलेजबद्दलची चर्चा इमारत, प्राध्यापकांची पदं आणि यंत्रसामग्री यांभोवती फिरते. ती व्हायलाच हवी. पण या जिल्ह्यात रुग्णाचं ऐकणं म्हणजे काय, ही गोष्ट कुठल्याही निविदेत बसत नाही.

दम लागण्याची पायरी ठरवण्याचा साधा प्रश्न घ्या. पुस्तकातला विद्यार्थी विचारतो, किती जिने चढल्यावर धाप लागते? घनसावंगीच्या शेतवस्तीवरून आलेल्या बाईच्या आयुष्यात जिनाच नाही. ती सरळ सांगेल, “नाही लागत.” आणि केसपेपरवर आजार एक पायरी खाली उतरेल. तिला विचारायचं ते असं: मावशी, विहिरीवरून हंडा आणताना मध्येच टेकावं लागतं का? कापूस वेचताना बरोबरच्या बाया पुढे जातात का? असं विचारल्यावर ती सांगते की यंदा वेचणीला गेलेच नाही, काम होईना. धाप लागते असं ती आपणहून म्हणत नाही, कारण तिच्या लेखी ते दुखणं नसतं. कामाला येईनाशी झाले, हे दुखणं असतं.

कधीपासून, या प्रश्नाचं उत्तर तारखेत मिळत नाही. पोळ्यापासून, सोयाबीन काढायच्या टायमापासून, कारखान्यावरून आल्यापासून. ऊसतोडीला जाणारी माणसं दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, हे ज्याला ठाऊक नाही त्याला ‘कारखान्यावरून आल्यापासून’ म्हणजे किती महिने, हे लागणार नाही. मधले महिने गोळ्या का बंद होत्या हेही कळणार नाही. ‘अंगावरून जातंय’ म्हणजे पांढरं की लाल, हे सासू शेजारी उभी असताना विचारून उपयोग नाही. तिला आधी चिठ्ठी काढायच्या निमित्ताने बाहेर पाठवावं लागतं. जालना शहरात निम्मं बोलणं उर्दूच्या वळणाच्या हिंदीत होतं, मंठा-परतूरकडच्या तांड्यांवरची म्हातारी गोरमाटी बोलते. आणि शासकीय महाविद्यालयातल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या, म्हणजे केरळ-राजस्थानची मुलंही याच वॉर्डात उभी राहणार. पुण्या-मुंबईच्या मुलाला मराठी येते म्हणून त्याला हे सगळं येईल, असंही नाही.

हे सगळं कौशल्यच आहे. मोजता येईल असं, शिकवता येईल असं. 2019च्या अभ्यासक्रमाने संवादकौशल्याला जागा दिली, सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास ठेवले. नंतर प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडे जात राहायचं, हेही आलं. सेवाग्रामला 1969पासून विद्यार्थ्यांना गावात मुक्कामाला नेण्याची रीत आहे, तिचंच हे दूरचं भावंड म्हणता येईल. पण ज्याची परीक्षा नाही ते लॉगबुकात जाऊन बसतं, आणि लॉगबुकं सह्यांच्या आदल्या रात्री कशी भरतात हे कोणाला सांगायला नको.

मराठी माध्यमातल्या एमबीबीएसचा आग्रह मी इथे धरत नाही. मध्य प्रदेशाने 2022मध्ये हिंदी पुस्तकं काढली, तो वाद वेगळा. केसपेपर इंग्रजीत लिहावा, परीक्षकांशी चर्चा इंग्रजीत करावी, पुढचं शिक्षण त्याच भाषेत आहे. माझं म्हणणं इतकंच, की रुग्णाशी झालेलं बोलणं ज्या भाषेत होतं त्या भाषेत ते परीक्षकाने बसून ऐकावं आणि त्याला भरघोस गुण असावेत. शेवटी रुग्णालाही विचारावं: काय झालंय असं डॉक्टरांनी सांगितलं? गोळी कधी घ्यायची? कशाने घाबरून लगेच दवाखाना गाठायचा? त्याला सांगता आलं नाही तर विद्यार्थ्याचे गुण जावेत.

यावरचा सगळ्यात जड आक्षेप मला माहीत आहे. ऑस्कीत सहानुभूतीलाही एक गुण असतो, म्हणून मुलं दार उघडताच “मी तुमचा त्रास समजू शकतो” हे वाक्य टाकून मोकळी होतात. परीक्षा आली की नाटक आलं. अमेरिकेने ठरावीक शहरांत केंद्रं उभारून, मुलांकडून हजारावर डॉलर घेऊन, शिकवून तयार केलेल्या रुग्णांसमोर अशी परीक्षा 2004पासून घेतली आणि 2021च्या जानेवारीत कायमची बंद केली. खर्चाच्या मानाने हाती काय लागतं, ही तक्रार तिच्यामागे वर्षानुवर्षं होती. आक्षेप खरा आहे. पण वाक्य पाठ करता येतं, हंड्याचा प्रश्न पाठ करून भागत नाही, कारण पुढची बाई हंडा आणणारी नसते, ती स्टील कारखान्यातल्या कामगाराची आई असते आणि तिच्या घरी नळ असतो. तिला काय विचारायचं हे तिथल्या तिथे सुचावं लागतं, आणि ते सुचतं की नाही हे पाहणाऱ्याला दिसतं.

परीक्षकाची मर्जी चालेल, असाही आक्षेप येईल. ती आत्ता चालत नाही की काय?

शिकवलेले रुग्ण महाग पडतात, हेही अमेरिकेचं मोजमाप. हॉवर्ड बॅरोज यांनी 1963मध्ये ही कल्पना काढली तेव्हा निरोगी माणसाला आजाराची गोष्ट नीट सांगायला शिकवणं एवढंच तिचं भांडवल होतं. जालन्यात एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत, माजी अंगणवाडीसेविका आहेत, भारुडात उभं राहणारी माणसं आहेत. त्यांना दिवसाची रोजी आणि जेवण द्यावं, चार तास शिकवावं. विद्यापीठाची परीक्षा कशी असावी हे नाशिकला ठरतं आणि तिथे बदल व्हायला वर्षं लागतील. प्रत्येक वॉर्ड पोस्टिंगच्या शेवटी होणारी परीक्षा मात्र कॉलेज स्वतःच घेतं. तिची पद्धत विभागप्रमुखाने ठरवायची असते. पहिल्या तुकडीसाठी ती एकदा ठरली की पुढच्या तुकड्या तीच पद्धत गृहीत धरून येतील.